हाताला कोमट

वरच्या मजल्यांवरचे लोक आमच्या खात्याला नुसतं ‘तळघर’ म्हणतात, आणि तळघरात माणसं राबतात हे त्यांना सामान वेळेवर पोचलं नाही की मगच आठवतं. सामान म्हणजे ऑपरेशनची हत्यारं. वापरलेली हत्यारं खाली येतात. आम्ही ती धुतो, पुसतो, मोजून ट्रेमध्ये लावतो, दुहेरी हिरव्या कापडात बांधतो आणि वाफेच्या मशीनमध्ये घालतो. मशीन म्हणजे घरातला कुकरच, फक्त आत माणूस उभा राहील एवढा. त्यातून निघालेला सेट भिंतीतल्या छोट्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये जातो. या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं मी एवढंच काम केलंय आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

मशीनमध्ये जायचा तो सेट कच्चा आणि मशीनमधून निघालेला पक्का, हे आमचे शब्द. दिसायला दोन्ही सारखेच. तेच कापड, तीच घडी. फरक सांगते ती घडीवर चिकटवलेली कागदी पट्टी. कच्च्या सेटवर तिच्या रेघा फिकट असतात, वाफ लागली की काळ्या होतात. आत ट्रेमध्येही अशीच एक पट्टी असते. वर सेट उघडला की तिथल्या सिस्टर ती बघतात. म्हणजे राखणीला दोघी, एक बाहेर आणि एक आत.

पण खरं सांगायचं तर बाहेरच्या पट्टीकडे मी कधी बघायचेच नाही. मी हात लावायचे. पक्का सेट कोमट लागतो, कच्चा गार. नव्या पोरी पट्टीवर वाकून वाकून रेघा बघायच्या तेव्हा मला हसू यायचं. मी म्हणायचे, डोळे फसतात गं, हात फसत नाही. खात्यातले सगळे मला त्यावरून मानायचे आणि मीही ते मिरवायचे. सव्वीस वर्षांत एक चूक नाही. कुणाला मिरवावंसं वाटणार नाही?

मग तीन आठवड्यांपूर्वी नवे व्यवस्थापक आले. वयाने माझ्या भाच्याएवढे, हातात स्टॉपवॉच. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना जेवणघरात उभं करून भाषण दिलं. आपण इतके दिवस दुसऱ्या गियरमध्ये चाललो होतो, म्हणाले, आता टॉप गियर टाकायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर तसा फलक लागला. आमच्या तळघरातही लागला, नेमका मशीनच्या डोक्यावर. मी त्यांना म्हटलं, “सर, या मशीनला गियर नाही, झडप आहे. ती आपल्या वेळेनेच उघडते.” सगळे हसले. तेही हसले, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून आम्ही त्यांना गियरसाहेब म्हणतो, अर्थात ते नसताना.

रोज अकरा ऑपरेशनं व्हायची, ती सतरा करायची ठरली. गियरसाहेब दोन दिवस आमच्याकडे स्टूल टाकून बसले आणि आम्ही किती पावलं चालतो ते मोजलं. तोवर आमच्याकडे दोन ट्रॉल्या होत्या, एक कच्च्याची आणि एक पक्क्याची. मशीनमधून निघालेली पक्क्याची ट्रॉली अर्धा तास भिंतीशी उभी राहायची, सेट निवायचे, मग ते फळीवर जायचे.

“मावशी, ही ट्रॉली उभी का आहे?”

“सेट निवतायत, सर.”

“वर जाता जाता निवतील की. उभी ट्रॉली म्हणजे वाया गेलेली ट्रॉली.”

आणि एक ट्रॉली उचलून त्यांनी कपडे धुण्याच्या खात्याला देऊन टाकली. राहिली एक. तिच्यावरूनच पक्के सेट उतरायचे आणि लगेच त्याच तापलेल्या जाळीवर पुढचे कच्चे चढायचे. शिवाय आमच्या भिंतीवर एक लाल आकड्यांचा बोर्ड बसवला. थिएटरकडून मागणी आली की तो मिनिटं मोजायला लागायचा. सहा मिनिटांच्या आत सेट छोट्या लिफ्टमध्ये गेला नाही तर ज्याची पाळी असेल त्याच्या नावावर खूण. तीन खुणा झाल्या की पत्र. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. एक खूण आधीच पडली होती. फोन वाजला की माझी पाचावर धारण बसायची, आणि माझ्या वयाला ते शोभत नाही हे कळूनही बसायची.

याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचा जिन्यावर पाय घसरला आणि घोटा मोडला. प्लेट बसवायला लागणार होती. ती ऑपरेशनच्या नावानेच रडायला लागली. मीच तिला आमच्या हॉस्पिटलात आणलं. म्हटलं, “रडतेस काय? खाली मी बसलेय ना. तुझा सेट मी माझ्या हाताने काढून वर पाठवीन.” पाठवलाही. त्याला आता अकरा दिवस झाले होते. ती घरी स्टुलावर पाय टाकून बसायची आणि दिवसातून चार वेळा मला फोन करायची, कारण तिचा नवरा म्हणे नुसतं हं हं करतो, ऐकत काहीच नाही. अठ्ठावीस वर्षं ऐकून झाल्यावर तो बिचारा तरी काय करणार!

त्या मंगळवारी सकाळीही तिचा फोन आला.

“ताई, आज जरा कणकण वाटतेय गं.”

“बसून बसून अंग आंबलं असेल. पंखा कमी कर.”

“तुझी भलतीच घाई चाललेली दिसते.”

“घाई नाही बाई, टॉप गियर,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पावणेअकराला मशीनमधून लोड निघाला. माझ्याबरोबर त्या पाळीला पैलवान होता. पैलवान म्हणजे अंगावर मूठभर मांस नसलेला, फुंकर मारली तर उडेल असा पोरगेला बाप्या. त्याने ट्रॉली ओढून बाहेर काढली, वरच्या कप्प्यातले सेट फळीवर लावले, मग खालचा कप्पा रिकामा केला. मी मागच्या टेबलावर पुढचे सेट बांधत होते. दहा मिनिटांनी फोन वाजला.

“हाडांचा सेट, लगेच! पेशंट टेबलवर आहे.”

बोर्डवर लाल आकडा लागला. पैलवान तेवढ्यात मशीनची जाळी साफ करायला आत वाकला होता. मी लोडची यादी बघितली. त्यात हाडांचा एकच सेट होता, नंबर सात. रजिस्टरमध्ये आधी लिहून टाकलं, ‘हाड सात, वर’. आधी लिहायचं आणि मग पाठवायचं, हीही साहेबांचीच युक्ती, चाळीस सेकंद वाचतात. मग वळले. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात हाडांच्या सेटचं लांबट गाठोडं दिसलं. हात ठेवला. कोमट. उचललं, लिफ्टमध्ये ठेवलं, बटण दाबलं. बोर्ड पाचवर थांबला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाच-सात मिनिटांनी डोळ्यांच्या सेटसाठी मी फळीकडे गेले. डोळ्यांचा सेट लहान असतो, मोठ्यांच्या मागे लपतो. तो काढायला एक लांबट गाठोडं बाजूला सारलं आणि हाताला चटका बसला. गाठोडं चांगलंच गरम होतं. पट्टीवर काळ्याभोर रेघा होत्या आणि रेघांखाली पैलवानच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हाड ७’.

मी ते दोनदा वाचलं. मग रजिस्टर बघितलं. रजिस्टरमध्ये हाड सात वर गेलेला होता. माझ्यासमोर हाड सात फळीवर होता.

“पैलवान,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “ट्रॉलीवर खाली काय ठेवलं होतंस?”

“कधी?”

“लोड उतरवल्यावर.”

“हाड चार. पुढच्या लोडला. का?” त्याने ट्रॉलीकडे बघितलं. खालचा कप्पा रिकामा होता. “मावशी, चार कुठे गेला?”

कपाटाला धरून मी उभी राहिले. चार कच्चा होता. कालच्या कुणाच्या तरी मांडीच्या हाडात जाऊन आलेली हत्यारं, धुतलेली, पुसलेली, चकचकीत, पण वाफ न लागलेली. ती दहा मिनिटं तापलेल्या जाळीवर पडून होती, म्हणून कोमट लागली. जाळीची ऊब होती ती. आणि माझ्या हाताने ती ओळखीची समजली, कारण सव्वीस वर्षं पक्के सेट अर्धा तास निवून मला असेच कोमट लागायचे. आता ते निवतच नव्हते. खरा पक्का सेट असता तर मला चटका बसला असता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

मी फोन उचलला. थिएटरचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. पैलवान माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“मावशी, आत पट्टी असते ना. सिस्टर बघतातच की. त्यांनी बघून परत पाठवला असता. नाही पाठवला, म्हणजे…”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काहीतरी… आपल्याला काय माहीत, लागलीही असेल वाफ.”

“ट्रॉलीवर बसून वाफ लागते होय रे?”

तेवढ्यात माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. मनात आलं की रजिस्टरमध्ये सात लिहिलंय. सात आत्ता मी बांधून ठेवला, पट्टी बदलली, त्यावर चार लिहिलं, की कुणाच्या बापाला कळणार नाही. पेशंटचा जखमेचा ताप चार दिवसांनी येईल, आठ दिवसांनी येईल. ताप कशानेही येतो. माझी दोन वर्षं राहिलीत. हे सगळं एका श्वासात मनात आलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. वर एक माणूस पाय उघडा टाकून पडला होता आणि मी इथे माझी पेन्शन मोजत होते.

सात उचलला, त्यावर एक धुतलेली चादर गुंडाळली आणि जिन्याकडे पळाले. छोट्या लिफ्टमध्ये नुसता सेट पाठवून काय उपयोग? वर त्यांना वाटलं असतं जादा आला. मोठी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलेली, आत खाटा. टॉप गियरपासून ती कधी मोकळी मिळतच नव्हती. चार मजले, प्रत्येकाला बावीस पायऱ्या. माझे गुडघे बाराव्या पायरीलाच कुरकुरतात. गाठोडं छातीशी धरलं होतं, त्याची धग कपड्यातून आत येत होती. पहिल्या मजल्यावर मला वाटलं, अजून भूल देत असतील. दुसऱ्यावर वाटलं, कापलं असेल. तिसऱ्यावर काही वाटेनासंच झालं.

तिसऱ्याच्या वळणावर गियरसाहेब उभे. हातात स्टॉपवॉच होतंच.

“मावशी, तुम्ही वर? छोटी लिफ्ट आहे ना! असं चढून किती वेळ जातो माहितीये?”

“सर, बाजूला व्हा.”

“पण झालंय काय?”

“कच्चा सेट वर गेलाय.”

त्यांना कच्चा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दोन दिवस आमची पावलं मोजली, पण हा शब्द कानावर पडला नव्हता. मी धापा टाकत सांगितलं, वाफ न लागलेली हत्यारं, आत्ता, टेबलवर. ते समजायला त्यांना दोन क्षण लागले. मग त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं.

“हळू बोला, मावशी,” ते म्हणाले.

तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून हळू हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यांना कोपराने सारून मी वर गेले.

थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टा आहे. आमच्यासारख्यांनी तो ओलांडायचा नाही. टोपी नाही, मास्क नाही, पायात तळघरातल्या चपला. मी दाराच्या काचेवर तळहात आपटायला लागले. कुणी येईना. आतून मशीनचा टिक् टिक् आवाज येत होता. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं आणि ओरडले, “थांबा! हात लावू नका! तो सेट कच्चा आहे!”

दार उघडलं ते मोठ्या सिस्टरांनी. वीस वर्षं आम्ही फोनवर बोलतोय, पण त्यांचा चेहरा मी चारपाच वेळाच बघितला असेल. मास्कवर फक्त डोळे होते आणि ते तापलेले होते.

“काय तमाशा आहे हा?”

“सिस्टर, मघाचा हाडांचा सेट. चार आहे तो. मशीनमध्ये गेलेलाच नाही. मी चुकून पाठवला. कापलं का?”

“काहीतरीच काय! आतली पट्टी मी स्वतः बघितली. काळी होती.”

माझ्या जिवात जीव आला. अगदी क्षणभर. मग सिस्टरांचे डोळे जरा हलले. त्या मागे वळल्या, टेबलाखालची कचऱ्याची बादली ओढली आणि चिमट्याने आतले कागद उपसायला लागल्या. एक पट्टी निघाली, काळी. दुसरी निघाली, काळी. तिसरी निघाली. दारातून मला तिचा रंग दिसत होता. ती पांढरट होती, काल दुकानातून आणल्यासारखी.

सिस्टरांनी ती उलटीपालटी करून बघितली. “एका वेळी तीन सेट उघडायला सांगितलेत,” त्या पुटपुटल्या. “मी बघितली होती. मला वाटलं, मी बघितली.”

आत मोठे डॉक्टर हातमोजे घालून उभे होते. त्यांनी दोन्ही हात टेबलापासून उचलून हवेत धरले. समोर हिरव्या कापडांच्या मधून पेशंटचा उघडा गुडघा दिसत होता. त्यावर निळ्या शाईची रेघ ओढलेली होती. फक्त शाईची. मी ती रेघ इतकी निरखून बघितली की अजून डोळे मिटले तरी दिसते.

वाचलो ते भूल देणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांमुळे. ते कुणाच्याच गियरला जुमानत नाहीत. पाठीत भूल दिल्यावर कापसाचा बोळा लावून लावून पेशंटला विचारतात, लागतंय का, इथे लागतंय का, आणि पेशंट नाही म्हणाला तरी आणखी पाच मिनिटं थांबतात. त्यांच्या नावावर म्हणे बारा खुणा झाल्यात. मोठे डॉक्टर मघापासून त्यांच्यावर वैतागलेले होते, हे नंतर कळलं.

“कुणी पाठवला हा सेट?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“मी पाठवला. आणि मीच सांगायला आलेय. सात आणलाय, हा पक्का आहे. पट्टी बघून घ्या. नीट बघा, दोघातिघांनी बघा.”

टेबलावरची सगळी हत्यारं उचलली, कापडं बदलली, सगळ्यांनी मोजे बदलले. पडद्यामागून पेशंट आजोबांचा आवाज आला. अर्ध्या अंगाला भूल, पण डोकं जागं होतं.

“अहो, सुरू केलं का?”

“नाही आजोबा. हत्यारं बदलतायत,” भूलवाले डॉक्टर म्हणाले.

“होऊ द्या सावकाश. मला कुठे जायचंय!”

सात उघडला. सिस्टरांनी आतली पट्टी काढून दिव्याखाली धरली. डॉक्टरांनी बघितली, भूलवाल्यांनी चष्मा वर करून बघितली, आणि मग सिस्टरांनी ती दारात आणून मला दाखवली. काळी. दार लागलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं, मोठ्याने, लहान मुलासारखं.

गियरसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, ते खोटं बोलणार नाही. त्यांचाही हात गार पडला होता.

“वेळेत झालं ना सगळं?” ते म्हणाले. “तुम्ही कमाल केलीत, मावशी. रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?”

“हाड सात, वर.”

“मग बरोबरच आहे की. सातच लागला. कुठे काही खोडायचं नाही, काही नवीन लिहायचं नाही. विषय संपला.”

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी मान हलवली. जिना उतरायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर माझे पाय आपोआप थांबले. रजिस्टर बरोबर होतं. चूक झाली होती, धडधडीत झाली होती, आणि रजिस्टर बरोबर होतं. आज सात मला सापडला तो डोळ्यांचा सेट त्याच्यामागे लपला म्हणून. नाहीतर पुढची मागणी आली असती, पैलवानने फळीवरून सात उचलून वर पाठवला असता, आणि ट्रॉलीवरचा चार कुठे गेला हे बघायला कुणाला वेळ होता? वरच्या सिस्टरांनाही फक्त वाटलं होतं की त्यांनी बघितली. दोन्ही राखणदार तीन आठवडे झोपलेल्या होत्या. आणि तीन आठवडे माझा हात रोज त्या ट्रॉलीवर होता.

खाली आले. पैलवानने तोंडभर प्रश्न विचारले, मी फक्त म्हटलं, “वाचले आजोबा.” तो मटकन बसला. “पैलवान, ट्रॉलीवर हात लावायचा नाही. मशीन बंद कर. कुणाचाही फोन आला तरी काही वर जाणार नाही. साहेबांना सांग, मावशीने सांगितलंय.” आणि मी रजिस्टर पुढे ओढलं.

मागे मागे जायला लागले. प्रत्येक ओळ नीटनेटकी. हाड दोन, वर. पोट पाच, वर. हाड सात, वर. निम्म्या ओळी माझ्याच अक्षरात. एकही खाडाखोड नाही. काल, परवा, गेला आठवडा. कुठला सेट मी फळीवरून दिला आणि कुठला ट्रॉलीवरून, काही म्हणता काही आठवेना. सगळे मिळून एकच लांब दिवस झाल्यासारखं. मग अकरा दिवसांपूर्वीचं पान आलं.

‘हाड दोन, वर.’ त्यापुढे मी एक छोटी चांदणी काढली होती. धाकटीसाठी म्हणून.

तो सेट मला आठवत होता. इतरांची आठवण नव्हती, पण तो होता. मी पैलवानला हात लावू दिला नव्हता. ट्रॉलीवरून स्वतः उचलला होता, दोन्ही हातांनी, आणि लिफ्टमध्ये ठेवण्याआधी त्याला जरा थोपटलं होतं. गरम होता का? चटका बसला होता का? मी डोळे मिटून ते दोन्ही हात पुन्हा पुन्हा आठवले. चटका बसला नव्हता. छान कोमट होता. तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं.

पट्टीच्या रेघा मला आठवत नव्हत्या. मी बघितल्याच नव्हत्या.

फोन लावला. तीन वेळा वाजला. त्या तीन वेळांत मी काय काय कबूल केलं असेल ते माझं मलाच माहीत.

“अगंबाई, तू चक्क स्वतःहून फोन केलास!” धाकटी हसली. “सूर्य कुठे उगवला आज?”

“कणकण कशी आहे?”

“आहे तशीच. तुझा आवाज असा का येतोय?”

“पाय कसा आहे ते सांग. जखम बघ. पट्टीच्या बाजूने बघ.”

“थांब हं.” तिने फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी रजिस्टरवरची चांदणी बघत होते. मग ती परत आली, आरामात, नेहमीसारखी.

“काही नाही गं ताई. सूज आहे थोडी. हात लावून बघितला, जरा कोमट लागतंय, एवढंच.”

“हात काढ,” मी म्हटलं. “नवऱ्याला उठव, गाडी बोलाव आणि निघ. मी हॉस्पिटलच्या दारात उभी राहते.”